नदीसाठी रिठा पुरेसा नाही

कपडे धुण्याची पावडर घरातून हद्दपार करायची, असं मी काही वर्षांपूर्वी ठरवलं, ते इंद्रायणीमुळे. कार्तिकीच्या सुमारास आळंदीला नदीभर पांढरा फेस तरंगत असतो आणि त्याच पाण्यात वारकरी श्रद्धेने स्नान करत असतात. अशा बातम्या अलीकडे वारंवार येतात. त्या प्रदूषणात कारखान्यांचं पाणी आहे, तसंच घराघरांतलं, प्रक्रिया न झालेलं सांडपाणीही आहे. त्यातला आपल्या घराचा वाटा तरी थांबावा, एवढीच माझी इच्छा होती. ती आजही कायम आहे. बदललं आहे ते तिथवर पोहोचण्याच्या वाटेबद्दलचं मत.

रिठा हा आपल्याकडचा जुना, खात्रीचा उपाय. पैठण्या, शालू, लोकरीच्या शाली रिठ्याच्या पाण्यातच धुवायच्या, असा अनेक घरांचा रिवाज होता. फळं फोडून काळी बी काढायची, टरफलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी उकळून, कुस्करून फडक्यातून गाळून घ्यायची. तांबूस पाणी हाताला बुळबुळीत लागतं आणि घुसळलं की फेसाळतं. टरफलातलं सॅपोनिन पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे पाणी धाग्यांत शिरतं आणि मळ सुटतो. अर्क लवकर आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा लागतो.

रेशीम, लोकर, ओढण्या, घामाने नुसते ओलावलेले सुती कुर्ते रिठ्याने छान निघाले. शर्टाच्या कॉलरी आणि ओट्यावरची तेलकट फडकी मात्र दाद देईनात. पांढऱ्या कपड्यांवर हळूहळू पिवळट झाक चढली. म्हणून साधा साबण आणला. पण आमच्याकडे बोअरचं जड पाणी, नळाच्या तोंडाशी क्षारांचे पांढरे थर जमवणारं. अशा पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो कपड्यातच बसतो. आधी पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, तेव्हा कुठे साबण लागू पडला. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्याचा सल्ला तर लगेच सोडून दिला. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फसफसून जातात, आणि मळ काढण्याजोगं फारसं काही उरत नाही.

एवढ्यावर मी मत बदललं नसतं. कॉलर थोडी मळकट राहिली तर राहू दे, नदी वाचते आहे ना, असं म्हणून पुढे गेलो असतो. पण दोन गोष्टी कळल्या आणि मी थबकलो. पहिली म्हणजे रिठ्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं. सॅपोनिन असलेली फळं आणि साली ठेचून डोहात टाकायच्या आणि गुंगलेले मासे धरायचे, ही रीत देशाच्या अनेक भागांत जुनी आहे. दुसरी गोष्ट पावडरीबद्दलची. चांगल्या पावडरीतला मोलाचा घटक म्हणजे एन्झाइम. कपडे धुताना त्यांचा उपयोग करण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोम यांनी १९१३ मध्ये मांडली. आज ती बहुतांशी जिवाणूंकडून आणि बुरशींकडून तयार करून घेतात. घाम, दूध, रक्त यांतली प्रथिनं ती थंड पाण्यातही तोडतात. रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच, म्हणून त्यांना ही पावडर लावायची नसते. झाडावरचं ते निरुपद्रवी आणि पाकिटातलं ते घातक, ही माझी वाटणी इथे कोसळली.

आता मी विचारतो ते एवढंच, की किती टाकलं आणि ते शेवटी जातं कुठे. पूर्वीच्या डिटर्जंटमधले फाटे फुटलेल्या साखळीचे रेणू जिवाणूंना पचत नसत. १९६० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत सरळ साखळीचे रेणू आले. ते जिवाणू मोडतात, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. प्राणवायू संपलेल्या नाल्यात, गाळात ते तसेच पडून राहतात. म्हणजे नदीचं भवितव्य माझ्या बादलीपेक्षा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावर जास्त अवलंबून आहे.

म्हणून घरात दोन्ही ठेवलं आहे. रेशीम-लोकरीला रिठा. बाकीच्यांना फॉस्फेट नसलेली पावडर, तीही मोजून, कारण जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. उलट तो खळबळून काढायला पाणीच जास्त जातं. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो, तेव्हा घाबरून आणखी पावडर चोळत नाही. कापड खळबळून कडक उन्हात टाकतो. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, संध्याकाळपर्यंत डाग पुष्कळ फिका पडतो.

आणि सोसायटीच्या सभेत मी आता रिठ्याचा प्रचार करत नाही. आपला सांडपाणी प्रकल्प रोज चालतो का, त्यातल्या हवेच्या मोटारी वीज वाचवायला बंद तर ठेवत नाहीत ना, बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी कधी झाली, हे विचारतो. इंद्रायणीची काळजी असलेल्या प्रत्येकाने आपापल्या सोसायटीत आणि आपल्या नगरसेवकाला हेच विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.