हात पाठीमागे

कॅमेरा सुरू झाला की माझे हात पाठीमागे जातात. डावा पंजा उजव्या मनगटावर. शाळेत गुरुजींसमोर उभे राहायचो तसा मी नेरूळच्या डीपीएस तलावाच्या काठावर उभा असतो आणि रोहित पक्ष्यांविषयी, म्हणजे फ्लेमिंगोंविषयी बोलतो. वन्यजीवांवरचे कार्यक्रम करण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यात शिकायला सगळ्यात अवघड गेलं ते हे हात मागे घेणं.

सुरुवातीला ते पुढेच असायचे. माझ्या पिढीतल्या अनेकांना या कामाकडे ओढलं ते स्टीव्ह अर्विनने. सिडकोच्या आमच्या दोन खोल्यांत केबलवर ‘क्रोकोडाइल हंटर’ लागला की मी जेवणाच्या ताटावरून उठायचो. खाकी कपड्यांतला तो माणूस हातात विषारी साप धरून त्याच्या रूपाचं कौतुक करायचा. तोवर आमच्या घरात ‘साप’ म्हटलं की पुढचा शब्द ‘काठी’ असायचा. भीतीच्या जागी कौतुक येऊ शकतं, हे मला त्याने दाखवलं. ४ सप्टेंबर २००६ला ऑस्ट्रेलियात बॅट रीफजवळ चित्रीकरण चालू असताना पाकटाचा काटा छातीत घुसून तो गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. आमच्याकडचे कोळी जाळ्यातून पाकट सोडवताना आधी त्याची शेपटी का सांभाळतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

मग मी कॅमेऱ्यासमोर आलो आणि त्याच्यासारखंच करू लागलो. खारघरच्या एका सोसायटीत वाहनतळावर सातेक फुटांची धामण निघाली होती. मी तिला शेपटीला धरून उचललं आणि लोकांना सांगितलं, घाबरू नका, ही बिनविषारी असते, उंदीर खाते, शेतकऱ्याची मैत्रीण आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. भाग लोकांना आवडला. काही महिन्यांनी पनवेलकडच्या एका गावातून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाने घरामागे निघालेला साप ‘टीव्हीत दाखवला तसा’ धरला होता. ती घोणस होती. मुलगा वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दादा, तुम्ही हात लावला म्हणून त्याने लावला. तुम्ही कशाला लावला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. धामणीला त्याची गरज नव्हती. प्रेक्षकांना माहिती द्यायला त्याची गरज नव्हती. तो हात फक्त कॅमेऱ्यासाठी होता.

टीव्हीवर बोललेलं विसरलं जातं, बघितलेलं राहतं. धामण आणि घोणस यांतला फरक मी तोंडाने कितीही सांगितला असता, तरी त्या मुलाच्या मनात उरला असता तो सापाच्या शेपटीवरचा माझा पंजाच. आणि एकच दृश्य दोन देशांत एकाच अर्थाने पोचत नाही. ऑस्ट्रेलियात साप चावून वर्षाला दोन-तीन माणसं दगावतात. आपल्याकडे २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. जिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही साप माणसाच्या पायाखाली येऊ शकतात, तिथे साप उचलून दाखवणाऱ्याने आपल्यामागे कोण काय उचलणार आहे याचा विचार करायलाच हवा.

आता साप पकडण्याचा क्षण आम्ही दाखवत नाही. सर्पमित्र पाईप आणि पिशवी लावून शांतपणे काम करतात, आम्ही लांब थांबतो. दाखवतो ते त्याआधीचं अर्धं-पाऊण मिनिट. चपलांच्या स्टँडखाली नाग वेटोळं करून बसलेला असतो. फणा नाही, फूत्कार नाही, फक्त जीभ आत-बाहेर. “यात काही घडतच नाही,” असं संकलन करणारा मुलगा मला म्हणाला होता. घडत असतं. त्या जिभेने तो हवेतला वास टिपतो, समोर कोण आहे आणि वाट कुठे आहे याचा अंदाज घेतो. हे अशा शब्दांत सांगायचं की बघणाऱ्याला ती जीभ बघत राहावीशी वाटेल. माझ्या मते आमची कारागिरी ती एवढीच: प्राण्याकडून काहीही करवून न घेता माणसाला खुर्चीत बसवून ठेवणं.

सापाच्या बाबतीत हे लोकांना पटतं, कारण तिथे माणसाचा जीव असतो. पक्ष्यांच्या बाबतीत पटवणं जास्त जड जातं.

एका एप्रिलमध्ये आम्ही डीपीएस तलावावर होतो. काही हजार रोहित, बहुतेक लहान रोहित, एका पायावर, मान पिसांत खुपसून उभे. बाहेरून आलेल्या एका निर्मात्याला हा थवा उडताना हवा होता. गुलाबी पंखांची ती लाट कोणाला नको असते? त्याने मदतनिसाला दगड घ्यायला सांगितलं. मी चित्रीकरण थांबवलं. ते काम माझ्या हातून गेलं आणि त्याची मला खंत नाही.

हा थवा इथे कशासाठी उभा असतो ते समजलं की दगड उचलवत नाही. रोहितांचं ताट म्हणजे ठाण्याच्या खाडीतला चिखल. ओहोटीला तो उघडा पडतो, तेव्हा ते चोच उलटी करून पाणी गाळतात आणि त्यातलं बारीक शेवाळ खातात. त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना टेकायला उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे नवी मुंबईच्या काठावरचे हे तलाव. ठाणे खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. पण पक्षी कागदावरची हद्द पाळत नाहीत. ताट अभयारण्यात आणि अंथरूण आपल्या पाम बीच रोडच्या बाजूला, असा त्यांचा संसार आहे. पावसाच्या तोंडाला त्यातले कितीतरी कच्छच्या रणाकडे विणीला निघतात. त्याआधी अंगात साठवलेली प्रत्येक चिमूट चरबी प्रवासासाठी असते. पाच सेकंदांच्या दृश्यासाठी थवा उडवायचा म्हणजे त्या शिदोरीत हात घालायचा.

भरतीचं गणित मला सारसोळेच्या एका वयस्क कोळी काकांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. अमावस्या-पुनवेला बाराच्या सुमारास. थोडं मागेपुढे होतं, पण चित्रीकरणाची वेळ ठरवायला मी मोबाइलआधी कालनिर्णय बघतो. भरतीच्या तासभर आधी येऊन बसायचं. खाडीकडून रांगा येतात, तलावावर एक घिरटी घालतात आणि उतरतात. उडणारे रोहित हवे होते ना? ते रोज उडतात. वेळापत्रक त्यांचं, वाट आपण बघायची.

२०२४च्या उन्हाळ्यात याच तलावात भरतीचं पाणी नीट येईना. तळ सुकत गेला, भांबावलेले पक्षी रस्त्यावर येऊ लागले, काही मेले. मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित एका रात्रीत गेले. त्या दिवसांत मी तळाला पडलेल्या भेगांसमोर उभा राहून बोललो. मागे एकही पक्षी नव्हता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात साधा भाग असेल, हात पाठीमागे आणि समोर कोरडा चिखल. नवी मुंबईतल्या रहिवाशांनी मानवी साखळ्या केल्या, पत्रं लिहिली, पाठपुरावा सोडला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. या यशात टीव्हीचा वाटा फार लहान आहे. रोज काठावर फिरायला येणाऱ्या आणि पाणी घटलं हे सगळ्यात आधी ओळखणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे.

तुम्हीही या. एप्रिल-मे महिन्यात, तिथी बघून, भरतीच्या तासभर आधी. बांधाच्या अलीकडेच थांबा, टाळ्या वाजवू नका, ड्रोन घरी ठेवा. मुलांना घेऊन या आणि थवा उतरून स्थिर होईपर्यंत त्यांना बोलू देऊ नका. आणि तळ्यात पाणी कमी दिसलं, तर त्याच संध्याकाळी पालिकेला आणि वन विभागाला कळवा.