बाईंनी तोललेली भाकर

आमच्याकडे माणूस आजारातून उठला की श्रेय डॉक्टरला जातं, त्याच्या खालोखाल देवाला. जेवणाचा हिशेब बसवून देणाऱ्याची गणती त्यात कुणी करत नाही. माझ्या बाबांची शेवटची वर्षं ज्यांच्यामुळे सुसह्य झाली, त्या बाई नागपूरच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ होत्या. ना नात्यागोत्याच्या, ना गावच्या. तरी त्यांचं देणं आमच्या घरावर आहे. ते फिटण्यासारखं नाही, म्हणून निदान लिहून ठेवतो.

खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठचं विणकरांचं गाव. जवळच गुमगावची मँगनीजची खाण, शिवारात संत्र्याच्या बागा, आणि एके काळी गावभर हातमागाची खटखट. बाबा पोरवयातच मागाच्या खड्ड्यात उतरले. पाय पावड्यांवर, हात धोट्यावर, असा दिवस जायचा. पुढे यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचं काम आटलं. हातपाय थांबले, पण ताटातली भाकर तेवढीच राहिली. मग एक दिवस शुगर निघाली, पाठोपाठ बीपी. गल्लीत कुणाला पटेना. "एवढ्या वाळक्या मानसाले शुगर?" असं जो तो विचारून जायचा.

त्याचं उत्तर आम्हाला बाईंकडून मिळालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं टिकून होती. वरून बारीक, आतून लठ्ठ. आईच्या पोटातली उपासमार पुढे मधुमेहाची वाट सोपी करते, असं त्या संशोधनातून पुढे आलं. आमच्या आजीनं बाळंतपणाच्या तोंडापर्यंत कांड्या भरल्या होत्या, तेही अर्धपोटी. बाबांचा आजार त्यांच्या खाण्यापिण्यातूनच आला असं समजून स्वतःला दोष देणारी माझी आई त्या दिवशी जरा मोकळी झाली.

बाईंची गाठ पडण्याआधी एका दवाखान्यातून आम्हाला पथ्याचा छापील कागद मिळाला होता. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके आणि सॅलड, संध्याकाळी ग्रीन टी. भाकर, अंबाडी, झुणका, जवसाची चटणी यांचा त्यात पत्ताच नव्हता. आईनं तो देवळीत घडी घालून ठेवला आणि स्वयंपाक आपला नेहमीसारखाच केला. तिचं काय चुकलं? त्या कागदात तिचं स्वयंपाकघरच नव्हतं.

बाईंनी पहिल्या भेटीत कागद दिलाच नाही. "काकू, पुढल्या वेळी घरची वाटी, तेलाची पळी आणि रोजची एक भाकर फडक्यात बांधून आणा," एवढंच सांगितलं. आईनं तसं केलं. बाईंनी भाकर काट्यावर ठेवली, मग पळीत पाणी भरून मोजलं, वाटीत किती वरण मावतं ते पाहिलं. आईच्या एका भाकरीत आहाराच्या तक्त्यातल्या दोन पोळ्या सहज बसत होत्या. आईला आधी अभिमान वाटला, मग काळजी. ती म्हणाली, "पन भाकरीनं शुगर वाढत नाही म्हणतात ना?" बाई हसल्या. "ज्वारी घ्या की गहू, पिठाचा साधारण दोन-तृतीयांश भाग पिष्टच असतो. भाकर चांगलीच आहे हो, फक्त ती मोजून वाढा." त्यांनी भाकर बंद केली नाही, लहान केली. शेजारी अंबाडी, चवळी, पालक अशी भाजी दुप्पट वाढली, वरण घट्ट झालं, भात पळीवर आला.

बाईंच्या टेबलावर एक जुनं, कडा झिजलेलं पुस्तक असे. शंभर ग्रॅम तुरीत काय, शंभर ग्रॅम अंबाडीत काय, याचे तक्ते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ते पुस्तक. त्या संस्थेची सुरुवात १९१८ साली कुन्नूरला मॅककॅरिसन यांच्या छोट्याशा प्रयोगशाळेत झाली. १९३७ मध्ये आयक्रॉइड यांनी तिथूनच भारतीय अन्नाचे तक्ते काढले. केंब्रिजहून पीएच. डी. करून आलेल्या कमला सोहोनी त्याच प्रयोगशाळेत काम करून गेल्या, आणि डॉ. वि. ना. पटवर्धन तिचे संचालक झाले. १९५८ मध्ये प्रयोगशाळा हैदराबादला हलली. बाई हे सगळं सांगायच्या ते स्वतःकडे मोठेपणा न घेण्यासाठी. "मी फक्त मोजते. खरी मेहनत यांची," असं म्हणत त्या पुस्तकावर हात ठेवायच्या. आमचं ऋण असं एका माणसापाशी थांबत नाही.

मिठाचा प्रश्न अवघड होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्याकडे पापड, कुरड्या, सांडगे, लोणचं हे सगळं मिठाचंच कोठार. पापडखारातही सोडियम, हे तर आईला ठाऊकच नव्हतं. बाईंनी दिवसाचं मीठ सकाळीच एका डबीत काढून ठेवायला लावलं. डबी रिकामी झाली की संपलं. पुढे सगळं घरच त्या डबीवर आलं.

सावजी मटणाला त्या हात लावतील अशी बाबांना भीती होती. कोष्ट्याच्या घरात सावजी रस्सा नाही म्हणजे सणच नाही. बाई स्वतः शाकाहारी घरातल्या, पण त्यांनी आईला बसवून कृती विचारली. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, महिन्यातून एखाद्या वेळी चालेल, पण तर्री वरून काढून टाकायची, दोन फोडी घ्यायच्या, रस्सा चमच्यानं, आणि त्या दिवशी पापड-लोणचं नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "बाईनं आपली चव ठेवली."

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा त्यांनी एक गोष्ट आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतली. घाम फुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलू लागला, पण शुद्धीवर असला, की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर तपासायची, कमी असली तर पुन्हा साखर. एकदा पहाटे हे करावं लागलं, आणि करता आलं.

पुढे किडन्या दमल्या. आता शत्रू वेगळा होता. निकामी होत चाललेल्या किडनीला पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकता येत नाही आणि ते रक्तात साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात. भेटायला येणारा प्रत्येक जण संत्र्यांची पिशवी घेऊन यायचा. आमच्याकडे दुसरं काय आणणार? एका मध्यम संत्र्यात दोन-अडीचशे मिलिग्रॅम पोटॅशियम. रक्ताचा अहवाल चांगला आला की बाई चार फोडींची परवानगी द्यायच्या, वाईट आला की तीही नाही. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. जन्मभर भाजीचं पाणी वाया जाऊ न दिलेल्या आईच्या जिवावर ते यायचं. एका हितचिंतकानं 'कमी सोडियमचं' महागडं मीठ आणून दिलं. बाईंनी पाकिटामागचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला: पोटॅशियम क्लोराइड. नुसत्या बीपीच्या माणसाला जे कदाचित उपयोगी पडलं असतं, ते बाबांना घातक होतं.

त्याच सुमारास प्रथिनंही मोजून मिळू लागली, किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास. वरण पातळ झालं. पुढे डायलिसिस सुरू झालं आणि बाईंनी एकदम अंड्याचा पांढरा भाग रोज खायला सांगितला. डायलिसिसच्या पाण्याबरोबर शरीरातली प्रथिनांची सामग्रीही वाहून जाते, म्हणून आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवं. बाबा वैतागले. "बाई, तुमीच बंद केलं अन् तुमीच सुरू करता!" बाई म्हणाल्या, "आजार बदलला, काका, म्हणून ताट बदललं."

पथ्य म्हणजे काय, हे मला या वाक्यानं शिकवलं. पथ्य ही कायमची बंदी नव्हे. तो एका माणसाचा, एका वेळचा हिशेब आहे, आणि अहवाल बदलला की तो नव्यानं मांडावा लागतो. बाबा गेले ते किडनीच्या आजारानंच, पण उपाशी, चवीला पारखे होऊन गेले नाहीत. ते बाईंमुळे.

म्हणून एक विनंती. इथं लिहिलेलं ताट उचलून आपल्या घरी मांडू नका. ते बाबांचं होतं. मोबाइलवर फिरणारे रामबाण तर मुळीच नकोत. मधुमेह, बीपी, किडनी, काहीही असो, डॉक्टरांना आपणहून म्हणा, आम्हाला आहारतज्ज्ञाकडे पाठवा. जाताना घरची वाटी आणि भाकर न्या. आणि रोग्याबरोबर, घरात जी रांधते तिलाही न्या. पथ्य तिच्या हातून होणार आहे, तिला विचारल्याशिवाय ते ठरवू नका.