दोन याद्या, एक मंडळी

नऊ वर्षं आमच्या चर्चला दोन सेक्रेटरी होते, दोन खजिनदार होते आणि मुख्य दाराला दोन कुलपं होती. सकाळी आठच्या उपासनेचे लोक गेले, की साडेदहाचे यायचे. दोन्हीकडे टिळकांचीच गीतं, पेटी तीच, तबला तोच; दानाची थैली मात्र जो तो आपापली घेऊन यायचा. मधल्या वेळात अंगणात समोरासमोर आलेच, तर नजर चुकवायचे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर 'सलाम' म्हणायची रीत आहे. तो सलाम बंद झाला, की मंडळी फुटली असं समजायचं.

गावाचं आणि चर्चचं नाव लिहीत नाही, कारण एक दावा अजून संपलेला नाही आणि दोन्हीकडे माझे नातेवाईक आहेत. भांडण कशावरून सुरू झालं, याचं उत्तर घरोघरी वेगळं मिळतं. कोणी सांगतं, मिशनच्या जुन्या बंगल्यापुढच्या रस्त्यालगतच्या जागेवर गाळे काढायचे होते, त्यावरून. कोणी सांगतं, एका पाळकसाहेबांची बदली थांबवली, त्यावरून. माझी आजी त्याच्याही मागे जाते आणि कुठल्याशा लग्नाची पत्रिका कोणाला दिली नव्हती, तिथे पोचते.

महाराष्ट्रात चर्चची इमारत, जमीन, कब्रस्तान हे बहुतेक ठिकाणी सार्वजनिक ट्रस्टच्या नावावर असतं. कमिटी बदलली, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात त्याचा अहवाल द्यावा लागतो. सगळे त्याला 'चेंज रिपोर्ट'च म्हणतात. आमच्याकडे दोन गटांनी दोन निवडणुका घेतल्या, दोन चेंज रिपोर्ट दिले आणि एकमेकांच्या रिपोर्टवर हरकत घेतली. निकाल लागेपर्यंत सही कोणाची धरायची, हे बँकेला कळेना. खातं गोठलं. पाळकसाहेबांचा पगार थांबला, छपराची फुटलेली कौलं तशीच राहिली. सगळ्यात वाईट झालं ते कब्रस्तानाचं. एका घरातले वडील वारले, तेव्हा फाटकाची किल्ली दुसऱ्या गटाकडे होती. दुपारभर निरोप जात-येत राहिले. शेवटी मुलाने वडिलांना मामाच्या गावी नेलं आणि तिथे माती दिली. या मुलाबद्दल पुढे लिहितो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. या सगळ्यात ओढला गेलो तो एक्सेल येतं म्हणून. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका आहेत. अख्खं गाव त्यांना 'बाई' म्हणतं आणि दोन्ही गटांच्या कारभाऱ्यांनी लहानपणी त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे. बाईंनी दोन्हीकडच्या चार-चार तरुणांना घरी बोलावलं. भांडणाचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, "कधी ना कधी एकत्र निवडणूक घ्यावीच लागेल. तेव्हा मतदार कोण, एवढं तरी ठरवून ठेवा. दोन्ही रजिस्टरं आणा आणि एक यादी करा."

आम्हाला वाटलं, दोन रविवारांचं काम. नावं जुळवणं खरंच सोपं होतं. एकीकडे योहान, दुसरीकडे जॉन; एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं. अडलं ते पुढे. आमच्या घटनेप्रमाणे सभासदाने वर्गणी भरलेली असली पाहिजे. मग नऊ वर्षांत 'त्यांच्या' खजिनदाराकडे भरलेली वर्गणी धरायची का? 'त्यांच्या' पाळकाने दिलेला बाप्तिस्मा, दृढीकरण रजिस्टरला घ्यायचं का? घेतलं, तर त्यांची कमिटी खरी होती असं मान्य केल्यासारखं. नाही घेतलं, तर अर्धी मंडळी यादीबाहेर. एका मावशींनी सरळ सांगितलं, "माझ्या नातवाच्या डोक्यावर पडलेलं पाणी खोटं म्हणाल, तर मी पुन्हा ही पायरी चढणार नाही."

हा प्रश्न आपल्या आधी कोणाला तरी पडला असेलच, असं वाटून मी वाचायला लागलो. पडला होता, आणि फार लांबही नाही, नागपूरला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्च मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. या शेवटच्या चर्चमध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ सालीच एकत्र आल्या होत्या. १८३१ पासून नगरमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही त्याच वाटेने आल्या. एकीची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. म्हणजे ४१ वर्षं लागली. आराखड्याच्याच चार आवृत्त्या झाल्या.

इतका वेळ लागला, कारण तिथेही आमच्या मावशींचाच प्रश्न होता. बॅप्टिस्ट म्हणत, बाप्तिस्मा समजत्या वयात, विश्वास कबूल करूनच. अँग्लिकन म्हणत, तान्ह्या बाळालाही. एकाचं खरं मानलं, तर दुसऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात पवित्र दिवस खोटा ठरतो. शेवटी ठरलं ते असं, की दोन्ही रीती चालतील. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा नको, त्यांनी बाळाचं समर्पण करावं आणि ते मोठं झाल्यावर बाप्तिस्मा घ्यावा.

पाळकांचा प्रश्न याहून अवघड होता. बिशपने हात ठेवून नेमलेला पाळकच खरा, अशी अँग्लिकनांची परंपरा; बाकीच्या कित्येकांकडे तसे बिशपच नव्हते. मग सगळ्यांची सेवा एक करण्याचा एक विधी ठरला. वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि ज्याला जे लागेल ते देवाने द्यावं, अशा अर्थाची प्रार्थना केली. ही पुन्हा दिलेली दीक्षा नाही, एवढं स्पष्ट केलं होतं. पण कोणाच्या सेवेत आधी काय कमी होतं, हे कागदावर कुठेच लिहिलं नाही. त्याचा निवाडा मुद्दाम देवावर सोडला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली. आमच्या कामात असं मोघम ठेवलेलं काही चालत नाही. पण विचार केला तसं दिसायला लागलं, की ४१ वर्षांच्या घासाघाशीतून निघालेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट असावी. 'मी चुकत होतो' अशी सही कोणालाच करावी लागली नाही, म्हणून सगळे सही करू शकले. बायबलमध्येही याचं एक छोटं उदाहरण सापडलं. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना एक व्हायला सांगतो. दोघींना वेगवेगळी विनंती करतो, तिसऱ्या एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो, आणि त्यांचं भांडण काय होतं, कोणाचं चुकलं, याबद्दल एक शब्द लिहीत नाही. दोन हजार वर्षांनंतरही आपल्याला ते माहीत नाही.

पण नागपूरची गोष्ट तिथेच संपवली, तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बोलणीत होते, ते शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले आणि आजपर्यंत वेगळे आहेत. आणि जे आत आले त्यांच्यातही पुढे खटले झाले, बहुतेक मालमत्तेवरून. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीचा खटला तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१३ साली, म्हणजे एकीनंतर ४३ वर्षांनी, कोर्टाने सांगितलं, की विलीन झाल्याचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप दुसरीकडे जात नाही. त्यासाठी सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातली रीत पाळावी लागते. बाप्तिस्म्यासारख्या गूढ गोष्टीवर ज्यांनी इतका बारीक विचार केला, त्यांच्या एकीला सातबाऱ्याने आणि ठरावाच्या कागदाने गाठलं.

हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर आमचं भांडण मला नीट दिसलं. आम्ही नेमकं उलटं करत होतो. जे मोघम सोडायला हवं, म्हणजे खरी मंडळी कोण, आधी फुटलं कोण, देव कोणाच्या बाजूने, त्यावर आम्हाला शब्दाशब्दाचा निकाल हवा होता. आणि जे पैशापैशापर्यंत स्पष्ट हवं, म्हणजे वर्गणी, भाडं, किल्ल्या, सह्या, ते आम्ही 'आपलीच माणसं आहेत' म्हणून वर्षानुवर्षं तोंडी चालवलं होतं.

बाईंच्या ओट्यावर मी हे असंच मांडलं. पुढचे सात महिने त्यावर वाद झाला. शेवटी तीन कागद झाले. पहिल्यात लिहिलं, की नऊ वर्षांतला प्रत्येक बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि वर्गणी, कोणाच्याही हातची असो, मंडळीची धरावी. दुसऱ्यात लिहिलं, की दोन्ही खजिनदारांची पुस्तकं गावाबाहेरच्या सीएकडे जातील आणि जो आकडा जुळणार नाही, त्याचा जाब नावानिशी विचारला जाईल. तिसरा कागद किल्ल्यांचा होता. त्यात कब्रस्तानाच्या फाटकाला कुलूपच नको, असं ठरलं.

पहिल्या कागदावर सगळ्यात जास्त अडलं. एका गटाला त्यात 'झाल्याबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य हवं होतं. दुसरा गट म्हणे, आधी त्यांनी लिहावं. बाईंनी दोन्ही मसुद्यांतून ते वाक्य काढलं. "ज्याला माफी मागायची आहे, त्याने संध्याकाळी त्याच्या घरी जावं," त्या म्हणाल्या, "चेंज रिपोर्टला जोडू नये." काही जण खरंच गेले. कोण कोणाकडे गेलं, ते मला माहीत आहे. इथे लिहायचं कारण नाही.

आता एकच उपासना होते, साडेनऊला. एकच चेंज रिपोर्ट दाखल झाला आहे. सगळं गोड झालं, असं मात्र म्हणता येत नाही. दोन कुटुंबं कंटाळून आधीच दुसऱ्या फेलोशिपला गेली, ती परत आली नाहीत. सीएच्या अहवालात एका वर्षाचं गाळ्याचं भाडं सापडत नाही. त्यावर अजून मीटिंगा चालू आहेत आणि आवाज चढतात. पण चढलेले आवाज एकाच खोलीत असतात.

आणि तो मुलगा. खरं तर चाळिशीचा माणूस. सगळ्या वाटाघाटी झाल्यावर तो मला म्हणाला, "तुम्ही झालं ते देवावर सोडलंत, चांगलं केलंत. पण माझा बाप परगावी पुरला आहे. तो मी कोणावर सोडू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नागपूरच्या आराखड्यातही नव्हतं. दोन परंपरांचा मान राखायला मोघमपणा उपयोगी पडतो. एका माणसावर झालेल्या अन्यायाला तो पुरत नाही. ज्याच्याकडे त्या दिवशी किल्ली होती, तो कोण हे सगळ्यांना माहीत आहे. तो अजून त्या घरी गेलेला नाही.

तो चाळिशीचा माणूस दर रविवारी येतो. डावीकडे, खिडकीजवळ बसतो, गीतं मोठ्याने म्हणतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तेव्हा त्याच्या ओळीतले सगळे उठून पुढे जातात आणि तो बसून राहतो. चल म्हणून कोणी त्याला आग्रह करत नाही. परत येणारे त्याला वाट द्यायला लावत नाहीत, दुसऱ्या बाजूने फिरून आपल्या जागी येतात.