उतरत्या बोलीचे गाव
(हप्ता दुसरा)

रविवार, ॲमस्टरडॅम
विमान दोन तास उशिरा. अभ्यासदौऱ्यावर आणलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाची बॅग आलीच नाही. आगगाडी व ट्राम 9 युरो, कॉफी 4, पाव-चीज 7. पाऊस.

सोमवार
दिवसभर व्याख्याने. पुरवठा-साखळीवर जे ऐकविले गेले, ते मी स्वतः पुण्यात दरवर्षी शिकवितो. एवढ्यासाठी पालकांनी कर्जे काढावीत काय, असा विचार मनात येऊन गेला. दुपारी पुन्हा थंड पाव-चीज. मात्र उपाहारगृहात ताक मिळाले, अगदी आपले, केवळ मीठ नसलेले. दोन पेले प्यालो. खर्च 11 युरो.

मंगळवार
डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी कचेरी आता ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या ताब्यात आहे. 1602 साली कंपनीच्या भांडवलासाठी ॲमस्टरडॅममध्ये ज्या 1,143 जणांनी आपली नावे नोंदविली, त्यांत धनाढ्य व्यापाऱ्यांबरोबर एका संचालकाच्या घरची मोलकरीणही होती, हे कळताच वित्तशाखेच्या मुलांचे डोळे चमकले. याच कंपनीची वखार आमच्या वेंगुर्ल्यास होती, हे मात्र त्यांपैकी एकासही ठाऊक नव्हते. पाव-चीज.

बुधवार
रॉटरडॅमची गाडी 40 मिनिटे उशिरा. बंदर बसच्या काचेतून पाहिले, आणि तेही पावसात.

गुरुवार, आल्समेर
पहाटे निघालो. फुलांचा हा बाजार उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा, म्हणजे सभासद शेतकरीच मालक. त्यामुळे ऊसकरी घरातून आलेली आमची सांगलीची विद्यार्थिनी आज प्रथमच पुढे सरसावली. आपल्या मार्केट यार्डात अडत्यापुढे बोली चढत जाते. येथे लिलावाच्या घड्याळाचा काटा चढ्या भावावरून झरझर खाली उतरतो आणि जो प्रथम कळ दाबील त्याचा माल, म्हणून अधीर माणसाने येथे महाग घ्यावे आणि धीराच्या माणसाने रिकाम्या हाताने परतावे, असा विलक्षण न्याय.

बाजार दाखविणारे वृद्ध गृहस्थ पूर्वी येथेच खरेदीदार होते. शेजाऱ्याचा खांदा किंचित हलला की तो आता कळ दाबणार हे आपण ओळखीत असू आणि त्याच्या निमिषभर आधी दाबीत असू, असे सांगताना त्यांचा स्वतःचा अंगठा हलत होता. आता बहुतेक खरेदीदार घरबसल्या पडद्यावर बोली लावतात. प्रतिस्पर्धी जागा आहे की झोपला आहे, तेही कळत नाही, ही त्यांची तक्रार.

“सर, ज्या बाजारात खरेदीदारच येत नाहीत, तो पाहायला आपण इतक्या लांब का आलो?” सांगलीच्या मुलीने विचारले. मी खाली बोट दाखविले. केनिया-इथिओपियाच्या गुलाबांनी लादलेल्या गाड्यांच्या रांगा संपता संपत नव्हत्या. ती बराच वेळ कठड्याशी उभी राहिली, आणि मग तळेगावच्या हरितगृहांतले गुलाब येथवर कोणत्या वाटेने येत असतील, याची तिने त्या गृहस्थांकडे इतकी खोदून चौकशी केली की आमची बस खोळंबली.

शुक्रवार
सादरीकरणे. बहुतेक गटांनी सोमवारचीच व्याख्याने परत केली. सांगलीच्या मुलीच्या गटाने मात्र विचारले की, उत्पादक घड्याळ टाळून थेट विक्रीकडे वळत असता सहकारी संस्थेने सभासदांस कशाच्या बळावर धरून ठेवावे, आणि आपल्या साखर कारखान्यांस यातून काय घेता येईल. परीक्षक उलट प्रश्न विचारीत राहिले. पुढचे वेळापत्रक पार कोलमडले. पाऊस थांबला आहे. बॅग अद्याप नाही.