पेल्यांची पंजी

अहो, त्याच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत! काळा अंगरखा पांघरून, मान खाली घालून तो माणूस समोर लवंडलेल्या तीन पेल्यांकडे बघत बसलाय, म्हणजे उभाच आहे खरं तर, पण बसल्यासारखा, आणि मागे हाताच्या अंतरावर दोन पेले चांगले ताठ! पलीकडे नदी आहे, नदीवर पूल आहे, पुलाच्या टोकाला एक गढी आहे. हे सगळं तळहाताएवढ्या एका पत्त्यावर. मी ते चित्र बघत होते तर कितीतरी वेळ मला फक्त सांडलेले तीनच दिसत होते. भाची शेजारून म्हणाली, "मावशी, मोज की. पाच आहेत." गणिताच्या बाईला मोजायला सांगते!

ही टारोच्या डेकमधली पेल्यांची पंजी. पंजी म्हणते कारण मी बदाम-सात आणि मेंढीकोट खेळत वाढले. आमच्या घरी पत्त्यांना तिर्री, पंजी, अठ्ठी, दश्शीच म्हणतात. राशिभविष्य, हात बघणं, देवळाबाहेरचा पोपटवाला, या सगळ्यांना माझा जन्मभर लांबून नमस्कार. त्यामुळे पुण्यात डिझाइन शिकणारी भाची हा डेक घेऊन आली तेव्हा मी भुवया चढवल्या होत्या. पण ती म्हणाली, पुस्तक उघडू नकोस, अर्थ पाठ करू नकोस, आधी चित्रात काय दिसतंय ते सांग. झालं! तेव्हापासून मी जो भेटेल त्याला टारो सांगत सुटले आहे.

आधी मला हे सांगू द्या की हा मुळात खेळ होता. साधा, डाव टाकायचा, हात जिंकायचा खेळ! पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेराराच्या दरबारांत तो रंगला. ७८ पानं. त्यातली ५६ आपल्या ओळखीची, म्हणजे पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या असे चार रंग, प्रत्येकात एक्का ते दश्शी आणि वर राजा, राणी, घोडेस्वार, पोऱ्या. उरलेली २१ म्हणजे कायमचा हुकूम, आणि एक मूर्ख, जो कुठल्याच रंगात बसत नाही. ज्या बावीस पानांना आज मेजर अर्काना म्हणून लोक दबक्या आवाजात बोलतात, त्यांतल्या एकवीसांचं काम होतं समोरच्याची राणी मारणं! मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख देऊन रंगवलेली पानं आजही न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आणि इटलीत बर्गामोला बघायला मिळतात. माझं माहेर सावंतवाडी, त्यामुळे हे वाचताना मला आमच्या राजवाड्यातला गंजिफा आठवला. गोल, लाखेची चमक असलेली, हाताने रंगवलेली पानं. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण १२०. तिकडे मृत्यू आणि चंद्र हुकूम झाले, इकडे मत्स्य आणि कूर्म रंग झाले. आमच्या गंजिफ्याला कुणी भविष्य विचारायला बसलं नाही इतकंच.

मग टारोलाच का विचारायला लागले? त्याचीही गंमत आहे. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या विद्वानाने जाहीर केलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती! शांपोलियोँने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि तिच्यात टारोचा मागमूस निघाला नाही. पण तोवर आलिएत नावाच्या एका पॅरिसकराने स्वतःचं आडनाव उलटं लिहून 'एतेया' हे नाव घेतलं होतं आणि १७८५ मध्ये टारोवरून भविष्य कसं सांगावं याचं पुस्तकही काढलं होतं. धंदा सुरू! म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं लोक ज्या पानांनी डाव खेळत होते, ती एका पिढीत गूढ झाली. हे कळल्यावर माझ्या मनातली भीती, थोडी होती, ती गेली. तलवारींच्या दश्शीत एक माणूस पालथा पडलाय आणि त्याच्या पाठीत दहा तलवारी आहेत. असलं पान हातात आलं तरी आता मी आधी क्षितिजावरचा पिवळा उजेड बघते.

भाचीच्या डेकमधली ही चित्रं काढणारी बाई मात्र मला भेटायला हवी होती. पामेला कोलमन स्मिथ. जन्म लंडनचा, १८७८ चा. बालपणाचा काही काळ जमैकात, शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये, मग लंडनच्या नाटकवाल्यांत वावर. प्रख्यात नटी एलन टेरी तिला 'पिक्सी' म्हणायची. १९०९ मध्ये आर्थर वेट या लेखकासाठी तिने सगळा डेक रंगवला, तो रायडर कंपनीने लंडनला छापला आणि वर्षानुवर्षं 'रायडर-वेट' या नावाने विकला गेला. छापणाऱ्याचं नाव आहे, सांगणाऱ्याचं आहे, काढणारीचं नाही! काम मोठं होतं आणि पैसे अगदी थोडे, असं तिने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये ती गेली तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. पण प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची वेलांटी घेतलेली सही आहे; शोधा, सापडते.

आणि एकट्याने बसून स्वतःसाठी पानं काढायची सोय झाली ती तिच्यामुळे. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये पंजी म्हणजे नुसते पाच पेले, अठ्ठी म्हणजे आठ तलवारी. त्यातून काय वाचणार कप्पाळ? अर्थ सांगायला जाणकार हवाच. पिक्सीने एक्का ते दश्शीच्या त्या चाळीस पानांतल्या बहुतेकांत माणसं घातली, हवा घातली, प्रसंग घातला. तलवारींच्या अठ्ठीत डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई आठ तलवारींच्या मध्ये उभी आहे. बघता बघता लक्षात येतं की दोऱ्या सैल आहेत, पाय मोकळे आहेत आणि समोर तलवार एकही नाही! हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नाही.

माझं पहिलं खरं पान सांगते. निवृत्ती तोंडावर आली होती आणि एका क्लासवाल्यांचा निरोप आला होता, दहावीचं गणित शिकवाल का म्हणून. मी कागदावर प्रश्न लिहिला, पत्ते पिसले, काटले आणि एक पान काढलं. पेल्यांची चौकी. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय, समोर तीन पेले, आणि ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय. तो बघतसुद्धा नाही. मला इतका राग आला त्याचा! अरे, घे की! आणि दुसऱ्याच क्षणाला वाटलं, का घ्यावा? बसू दे की बिचाऱ्याला निवांत, सकाळी साडेसातची शाळा केली असेल त्याने तीस वर्षं. दोन्ही वाक्यं माझीच. पान होतं तसंच गप्प होतं. माझ्या पोटात हे दोन पक्ष भांडतायत हे मला एका पत्त्याने दाखवलं, आणि तेही चहा निवायच्या आत!

आता इथेच गोम आहे, आणि मला या सगळ्यातलं सर्वांत आवडलेलं तेच आहे. कारण ते पान बघितल्याबरोबर हात परत डेककडे गेला. अजून एक काढू या, नक्की काय ते कळेल. भाचीने डेक उचलून पेटीत ठेवला. "एकदा विचारलंस ना?"

कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी पडते ते बघायचं. विचारणारा आपण, उत्तर देणारा देव, आणि मध्ये गुरव. कौल मनासारखा नाही म्हणून तुम्ही पुन्हा पुन्हा लावायला लागलात तर गुरव नुसता बघेल तुमच्याकडे, आणि मागे रांगही असते. घरी टेबलापाशी बसून स्वतःची पानं काढताना भक्त मी, गुरव मी आणि पाकळी कुठली पडली हे ठरवणारीही मीच! अडवायला कुणी नाही. ७८ पानं हाताशी आहेत, हवं ते येईपर्यंत काढत राहा. म्हणून स्वतःसाठी वाचताना गुरवाचं काम कुणावर तरी सोपवावं लागतं. मी ते एका वहीवर सोपवलंय. शाळेतली जुनी, चौकटीची. आधी तारीख आणि प्रश्न, मग पान, मग पुस्तक न उघडता दिसलं ते चार ओळींत. डेक पेटीत. परिस्थितीत काही खरोखर बदललं नसेल तर तोच प्रश्न पुन्हा नाही. आमची भाची यापेक्षा सैल आहे, ती उलटी पडलेली पानंही वेगळी वाचते. मी ती सरळ करून घेते, मला एवढं पुरतं.

गणित तर मी करणारच होते! तीन पानं काढली की त्यात निदान एक तरी मेजर अर्कानाचं पान येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के आहे. म्हणजे 'बाई गं, मोठं पान आलं' असं दर तीनांतल्या दोन वेळा वाटणारच. त्याहून मजेदार हे. टारोवाले म्हणतात, एखादं पान माझा पाठलाग करतंय, सारखं येतंय. रोज एक पान काढा, परत ठेवा, नीट पिसा. अकराव्या दिवसापर्यंत कुठलं तरी एक पान दुसऱ्यांदा आलेलं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, आणि महिन्याभरात ते न घडण्याची शक्यता शेकडा एकसुद्धा नाही. मी हे भाचीला मांडून दाखवलं तर ती म्हणे, मावशी, मजा घालवू नकोस. मजा गेली कुठे? आलेलं पान आलंच आहे! त्याच्याशी बोलायला ते योगायोगाने आलेलं चालतं की.

आणि आलेलं पान 'अगदी माझंच' का वाटतं, त्याचीही एक गोष्ट आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन वाटलं आणि ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली चाराहून जास्त. सगळ्यांना मजकूर एकच दिला होता! मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. 'अगदी माझंच आहे हे' असं वाटलं की ते वाचते, हसते आणि मग स्वतःला विचारते की बरं, माझंच वाटलं ते नेमकं कुठलं वाक्य. त्याची उत्तरं मात्र वीस जणांची वीस निघतील.

आणि वहीने मला काय दाखवलं म्हणता? उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त बोलके निघाले. माझे सगळे प्रश्न 'जमेल का'ने संपत होते. क्लास जमेल का, एकटीने प्रवास जमेल का, या वयात पोहणं जमेल का. 'का'ला उत्तर हो किंवा नाही, आणि हो-नाही ऐकायचं म्हणजे कुणाची तरी परवानगी मागायची. पिक्सीच्या चित्रांत हो-नाही कुठेच नाही! म्हणून मी प्रश्न बदलले. क्लास घेतला तर दिवसातलं काय जाईल? मला पोहण्यात नेमकं काय हवंय? असं विचारलं की चित्र भराभरा बोलायला लागतं. दुसऱ्या माणसाच्या मनात काय आहे, हे मी विचारत नाही. त्याला फोन करता येतो. छातीत दुखत असेल तर डॉक्टर. आणि डोकं तापलेलं असताना पेटी उघडायची नाही, कारण तेव्हा मला सगळ्याच पानांत तलवारी दिसतात.

एक गोष्ट राहिलीच. वेट यांनी आपल्या टारोच्या पुस्तकात दहा पानांची एक मांडणी दिली आहे, तिला केल्टिक क्रॉस म्हणतात. प्रत्येक जागेला अर्थ आहे: एक आपल्याला आडवं जाणारं, एक आपल्या पाठी गेलेलं, एक घरचं वातावरण. आणि नवव्या जागेचं नाव काय असावं? आशा आणि भीती. दोघींना मिळून एकच पान! मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठले. ज्याची आशा तेच भय, हे इतक्या सहज कुणी मांडून ठेवलंय, तेही पत्त्यांच्या टेबलावर. स्वतःसाठी वाचताना तर मला वाटतं ही नववी जागा एकटीच पुरे. दहावी, 'पुढे काय होणार' वाली, मी मांडतच नाही. तिथे नजर गेली की बाकीची नऊ पानं कुणी बघत नाही, परीक्षेत शेवटचं उत्तर बघून पायऱ्या न वाचणाऱ्या पालकांसारखं होतं.

क्लासचं म्हणाल तर आठवड्यातून दोन दिवस घेते, तेही संध्याकाळचे. ते पानावरून ठरवलं नाही. घरी बोलले, क्लासवाल्यांशी घासाघीस केली आणि मग ठरलं.

आता मला तो मूळचा खेळ शिकायचाय. फ्रान्समध्ये तो अजून घराघरांत खेळतात, ७८ पानांनिशी. चार भिडू, प्रत्येकी अठरा पानं आणि मध्ये सहा पालथी; एकजण बोली लावून बाकी तिघांविरुद्ध उभा राहतो. मेंढीकोट येणाऱ्याला अवघड जाऊ नये. भाचीला बसवलंच आहे. दोन भिडू कमी पडतायत, आणि कुणी विचारलं की या पानाचा अर्थ काय, तर खेळताना उत्तर एकच मिळेल: हुकूम आहे, तुमची राणी गेली.