गंजातलं नाव

मुलांनो, दसऱ्याला तुमच्या घरी शस्त्रांची पूजा होते ना? आमच्याकडे पाटावर कोयता, विळी, करवत मांडायचे आणि मधोमध एक तलवार. मावळ्यांची नव्हे हं, जपानी! आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये लढले. १९४५ साली जपान शरण आला, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांना आपल्या तलवारी खाली ठेवाव्या लागल्या. त्यातलीच एक आजोबांना त्यांच्या साहेबांनी दिली होती.

मी चौथीत असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठरवलं, तलवार चकचकीत करायची. पॉलिश पेपर घेतला आणि तासभर घासत बसले. पात्याच्या धारेलगत धुक्यासारखी पांढरट, नागमोडी रेघ होती. तीही दिसेनाशी झाली. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, ती त्याची खूण होती गं." 'त्याची' म्हणजे कुणाची, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आजोबा गेल्यावर तलवार संग्रहालयाला द्यायचं ठरलं. तिथले एक जाणकार काका म्हणाले, "आधी हिची ओळख पटवू." धातूची रंगवलेली मूठ, तिला स्क्रू आणि पात्यावर नंबर असता, तर ती हवालदारांसाठी कारखान्यात बनवलेली. पण आमच्या तलवारीच्या मुठीवर पाकट माशाची खरखरीत कातडी होती, तिच्यावर फीत गुंडाळलेली आणि पितळी साजावर चेरीची फुलं. म्हणजे १९३४ साली सुरू झालेल्या पद्धतीची, अधिकाऱ्याची तलवार!

मग ती सोडवायची वेळ आली. मुठीत बांबूची एक निमुळती खुंटी होती. काकांनी ती बारीक टोकाकडून हलकेच ठोकून काढली. तलवार उभी धरली आणि मूठ धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताची मूठ आपटली. एकदा, दोनदा... पातं जरासं सुटलं. ओढाताण नाही, पिरगाळणं नाही. पात्याला उघडं बोटसुद्धा नाही, कारण घामानं लोखंड गंजतं. निघालेल्या चकत्या त्यांनी ओळीनं कागदावर मांडल्या.

मुठीत लपलेला पात्याचा भाग काळाकुट्ट गंजलेला होता. मी सवयीनं फडकं उचललं. काकांनी माझा हात धरला. "बाई, हा गंज म्हणजे तिच्या वयाचा दाखला. तो कधीच पुसायचा नाही."

त्या गंजात अक्षरं कोरलेली होती! पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना आम्ही फोटो पाठवला. उत्तर आलं. एका बाजूला 'सेकी इथे राहणारा' आणि पुढे लोहाराचं नाव, दुसऱ्या बाजूला 'शोवा १७'. सेकी हे शेकडो वर्षांपासून तलवारी घडवणारं गाव. शोवा राजवट १९२६ साली सुरू झाली, तेव्हा सतरावं वर्ष म्हणजे १९४२.

आजोबांच्या मनातला 'तो' हा लोहार होता, की तलवार खाली ठेवणारा अधिकारी, कोण जाणे! पात्यावरचे माझे ओरखडे पाहून मात्र अजूनही ओशाळायला होतं. मुठीत माझा हात पोचला नाही, म्हणून ते नाव वाचलं.

तेव्हा मुलांनो, धारदार वस्तूंना मोठ्यांशिवाय हात लावू नका. आणि घरातलं जुनं नाणं असो की पणजीचा डबा, घासायला घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.