प्रमाणपत्राचे मोल

मराठी विषयातील माझे पदव्युत्तर पदवीचे प्रमाणपत्र गेली कित्येक वर्षे लोखंडी कपाटाच्या तळाशी पडून आहे. नोकरीच्या मुलाखतीनंतर ते कोणी मागितले नाही आणि मीही ते काढून पाहिले नाही. त्यामुळे अशा एका कागदासाठी माणसाने किती झिजावे, किती खर्च करावा, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती वेळ माझ्या भाच्याने आणली.

भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बारावीनंतर त्याचे शिक्षण सुटले आणि कामाच्या शोधात तो नाशिकला आमच्या घरी राहायला आला. आठवडाभर औषधांच्या दुकानात काम करायचे आणि शनिवार-रविवारी हौशी मंडळींना सह्याद्रीतील गडांवर घेऊन जायचे, असा त्याचा क्रम होता. पदभ्रमणाच्या सहली काढणारा एक आयोजक त्याला दिवसाच्या हिशेबाने मेहनताना देई. डोंगराच्या कुशीतच बालपण गेल्याने अवघड वाटाही त्याच्या पायांना पाठ होत्या. पण २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि सहली नेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची चौकशी होऊ लागली. आयोजक भाच्याला म्हणाला, "कुठला तरी कागद आण, म्हणजे तुझे काम चालू राहील."

'कुठला तरी' या दोन शब्दांतच पुढचा सारा प्रश्न दडलेला होता.

एका रात्री जेवणे आटोपल्यावर भाच्याने दोन माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवली. पहिले एका खाजगी संस्थेचे होते. दोन दिवस शहरातील सभागृहात व्याख्याने, तिसऱ्या दिवशी जवळच्या टेकडीवर प्रात्यक्षिक आणि त्याच संध्याकाळी प्रमाणपत्रांचे वाटप. त्या चकचकीत कागदावर 'प्रमाणपत्राची हमी' असे ठळक अक्षरांत छापले होते. दुसरी माहिती साध्या कागदावर उतरवून घेतलेली होती. ती उत्तरकाशी येथील नेहरू पर्वतारोहण संस्थेची होती.

शिक्षकी सवयीने मी विचारले, "या तीन दिवसांच्या वर्गात नापास कोण होते?"

"कोणीच नाही, मावशी."

"मग ते पैसे कशाचे घेतात?"

यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते. त्याने तो चकचकीत कागद घडी करून बाजूला ठेवला.

पर्वतारोहणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणाऱ्या संस्थांची आपल्या देशात मोठी परंपरा आहे. १९५३ मध्ये तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयीन पर्वतारोहण संस्था स्थापन झाली. तेथील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक स्वतः तेनसिंगच होते. उत्तरकाशीची संस्था १९६५ मधली. मनाली आणि पहलगाम येथेही अशा संस्था आहेत. प्राथमिक अभ्यासक्रम साधारणतः चार आठवड्यांचा असतो. खडकावरील चढाई, दोराच्या गाठी, हिमनदीवरील चाल, नकाशावाचन, प्रथमोपचार हे सारे त्यात येते. शेवटी प्रत्येकाला श्रेणी दिली जाते. 'अ' श्रेणी मिळाली, तरच प्रगत अभ्यासक्रमाचे दार उघडते. तेथेही 'अ' श्रेणी मिळाली, की इतरांना कसे शिकवावे याचा तिसरा अभ्यासक्रम करता येतो. म्हणजे प्रत्येक पायरीवर 'तू अजून तयार नाहीस' असे सांगण्याचा अधिकार शिक्षकाने आपल्या हाती राखून ठेवलेला असतो.

"पण सह्याद्रीत बर्फ कुठे आहे? हिमकुऱ्हाड चालवायला शिकून तुला काय उपयोग?" मी शंका काढली.

"बर्फासाठी नाही जायचे, मावशी. मला वाटा ठाऊक आहेत. पण वाटेत कोणी पडले तर काय करायचे, ते मी अंदाजानेच करतो. माझ्या मागून चाळीस माणसे चालतात."

मग आम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला. संस्था शासकीय असल्याने शुल्क आवाक्यातले होते. निवास, भोजन आणि दोर, हिमकुऱ्हाड यांसारखी साधने त्यातच मिळणार होती. पण शुल्काखाली एकेक ओळ वाढत गेली. जाण्यायेण्याचे रेल्वे आणि बसभाडे, चांगले बूट, गरम कपडे, वैद्यकीय तपासणी आणि सर्वांत शेवटी महिनाभराचा बुडणारा पगार. बेरीज केल्यावर ध्यानात आले, की सर्वांत मोठा आकडा शुल्काचा नसून त्या न मिळणाऱ्या पगाराचा होता. गरिबाच्या शिक्षणाचा खरा खर्च माहितीपत्रकात कधीच छापलेला नसतो. तो त्याच्या सुटलेल्या कामात असतो. निम्मी रक्कम त्याने साठवली होती. उरलेली मी दिली, पण उसनी. दरमहा एक हजार रुपये परत करायचे असे ठरले. फुकट दिलेल्या पैशाने त्याचा संकोच वाढला असता.

जागा मिळण्यासाठी बराच काळ थांबावे लागले. त्या प्रतीक्षेतच ती बातमी आली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीजवळील द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर त्याच संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली. पंचवीसहून अधिक जणांचा अंत झाला. त्यांत त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट सर करणाऱ्या प्रशिक्षिका सविता कंसवालही होत्या. ताईचा फोन आला. "तू त्याला पैसे दिलेस. आता तूच त्याला थांबव," एवढेच ती बोलली.

मी त्याला थांबवू शकले असते. पैसे परत माग, असे म्हटले असते तर त्याने मागितलेही असते. दोन दिवस मी विचार करत राहिले. शेवटी मनाशी इतकेच पटले, की तो घरी राहिला तरी डोंगर सोडणार नाही. फक्त न शिकता जाईल. ताईला हे समजावून सांगताना माझा आवाज कापत होता, हे मी लपवत नाही.

२०२३ मध्ये तो उत्तरकाशीला गेला आणि महिन्याने परत आला, तो काळवंडून आणि गप्प होऊन. त्याला 'ब' श्रेणी मिळाली होती. चढाईत तो कोणाला हार गेला नव्हता. पण प्रशिक्षकांनी त्याला सांगितले होते, "तू उत्तम चालतोस, मात्र मागे वळून पाहत नाहीस." आपल्या दोरावरचे साथीदार मागे पडले, तरी तो पुढेच जात असे. खरे सांगायचे तर मलाही वाईट वाटले, आणि थोडा रागही आला. एवढा खर्च करून पुढचे दार बंदच! क्षणभर तो चकचकीत कागदही आठवला.

पुढच्या वर्षी जुलै महिन्यात तो हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एक गट घेऊन गेला. पावसाने ओढा फुगला होता. पूर्वी अशा ओढ्यात त्याने दोर बांधून माणसे पलीकडे नेली होती. या वेळी तो सर्वांत मागे चालत होता. गटातील दोन बायका थकल्या आहेत आणि एका मुलाचे पाय थरथरत आहेत, हे त्याने पाहिले होते. त्याने सर्वांना परत फिरवले. लोक चिडले, पैसे परत मागू लागले. आयोजकाने त्याचा त्या दिवसाचा मेहनताना कापून घेतला.

त्या रात्री तो घरी आला तेव्हा ओलाचिंब होता, पण उत्तरकाशीहून आला होता तसा गप्प नव्हता. "मावशी, आज 'ब' कशासाठी मिळाला ते कळले," तो म्हणाला.

त्या ओढ्यात काय घडले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. कदाचित सगळे सुखरूप पार झाले असते. नेत्याच्या योग्य निर्णयाचा पुरावा पुष्कळदा मिळत नाही. न घडलेल्या अपघाताची नोंद कोण ठेवणार? म्हणूनच चाळीस माणसांचा रोष पत्करून 'परत फिरा' म्हणण्याचे बळ कोठून तरी मिळवावे लागते. ते हमी दिलेल्या कागदातून येत नाही.

माझे हप्ते फेडून झाल्यावर त्याने पुन्हा पैसे साठवले आणि २०२५ मध्ये तोच प्राथमिक अभ्यासक्रम दुसऱ्यांदा केला. या वेळी खर्च सर्वस्वी त्याचा होता. 'अ' श्रेणी मिळाल्याचे त्याने फोनवरून आधी ताईला कळवले, मग मला. पुढच्या दोन पायऱ्या अजून बाकी आहेत आणि त्यांसाठीची बचत सुरू आहे.

आमच्या कपाटात आता माझ्या पदवीशेजारी त्याची दोन्ही प्रमाणपत्रे आहेत. 'ब' श्रेणीचे फाडून टाकू का, असे त्याने एकदा विचारले होते. मी ते नीट घडी घालून वर ठेवले.